छपरावरचा टाका

आमच्या दुकानाचं छप्पर गळायला लागलं, ते नेमकं यांच्या मशीनवर. अख्खी खोली मोकळी पडली होती. कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं होतं, इस्त्रीचं टेबल होतं, माझी स्वतःची मशीन होती, पण पाण्याला जागा आवडली ती यांचीच. मी बादली आणली. ती मशीनच्या फळीवर बसेना, म्हणून पातेलं ठेवलं. हे बाजूच्या खुर्चीत बसून त्या पातेल्यात पडणारे थेंब बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "गळू दे. नाहीतरी द्यायचीच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पातेलं उचललं आणि दारातूनच पाणी रस्त्यावर भिरकावलं. समोरचे घड्याळवाले भाऊजी तेवढ्यात दुकानाबाहेर पडत होते. ते उडी मारून वाचले म्हणून बरं.

"वहिनी, कुणावरचा राग आहे हा?" त्यांनी विचारलं.

"छपरावरचा," मी म्हणाले. अर्धं खरं होतं ते.

आम्ही नवरा-बायको दोघंही शिंपी. मी बायकांचे आणि लहान मुलांचे कपडे शिवते, भराभर शिवते आणि वेळेवर देते. हे कोट शिवायचे. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणतात, मला मास्तरीणबाई म्हणतात, पण मला म्हणताना जरा हसतात. यांचं नाव झालं ते काजांमुळे. बटणासाठी कापडाला चीर द्यायची आणि तिच्या कडेनं रेशमी दोऱ्यानं हातानं टाके घालायचे, प्रत्येक टाक्याला बारीकशी गाठ, गाठीला लागून गाठ. यांचं काज असं बसायचं की लोक मुद्दाम बटण न लावता कोट घालून हिंडायचे. यात माझी जराही अतिशयोक्ती नाही. मी स्वतः पाहिलंय, भर थंडीत कोट उघडा टाकून कुडकुडणारे लोक.

गेल्या थंडीत यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. नशीब थोर म्हणून बोलणं लवकर परत आलं, मग पाय आला. हात मात्र रेंगाळत राहिला. कप धरता यायला लागला, शर्टाची बटणं लावता यायला लागली. मग एका सकाळी यांनी मला न सांगता कापडाचा एक तुकडा घेतला आणि काज करायला बसले. मी स्वयंपाकघरातून बघत होते, पण पुढं गेले नाही. बऱ्याच वेळानं यांनी तो तुकडा चुरगाळून खिशात टाकला, सुयांची डबी खणात ठेवली आणि खण असा लावला की मधल्या भिंतीवरचं कॅलेंडर हललं. त्या दिवसापासून सुईला हात नाही. "मी शिवतो" म्हणणारा माणूस "मी शिवायचो" म्हणायला लागला. आणि चौकातल्या शिवणवाल्या बाईंना निरोप गेला की आमची मोठी मशीन घेऊन जा, तुमच्याकडं वापरात तरी राहील. पाऊस जरा उघडला की हातगाडी घेऊन येते, असं त्या म्हणाल्या होत्या.

आमच्याकडं एक कोट मात्र तसाच टांगलेला होता. घड्याळवाल्या भाऊजींचा. सगळा शिवून तयार, फक्त काजं राहिलेली. मी त्यांना दहादा म्हणाले, दुसरीकडून करून घ्या. ते दर वेळी म्हणायचे, "मला काय घाई आहे? माझं तर कामच वेळेचं आहे." आणि कोपरावर विरलेला जुना कोट घालून फिरायचे. तो नवा कोट भिंतीला एखाद्या पाहुण्यासारखा उभा होता. बसा म्हणावं तर बसत नाही, जा म्हणावं तर जात नाही.

तर छप्पर.

आमच्या खोलीला खिडकी एकच, तीही रस्त्याच्या बाजूला. म्हणून सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी छपराच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, लोखंडी पत्र्यांच्या ऐवजी प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यांचा एक आडवा पट्टा घातला होता. शिंप्याला उजेड लागतो. विजेचा नाही, खरा. काळ्या कापडावर काळा टाका घालायचा तर वरूनच उजेड पडायला हवा, असं ते म्हणायचे. इतकी वर्षं उन्हानं तो पट्टा पिवळा झाला, मग तपकिरी झाला आणि आता तडकला होता.

छपरवाल्याला बोलावलं. तो "उद्या येतो" म्हणाला. त्याचा उद्या काही उगवला नाही. तसले पत्रे आणायला गेले तर पावसाच्या दिवसांत गावभराची छपरं गळत होती, दुकानदारानं रिकामं फडताळच दाखवलं. लोखंडी पत्रा होता, पण तो घातला तर खोलीचं तळघर झालं असतं. शेवटी मला तंबूवाला आठवला. तंबूला वापरतात तसलं जाड, दुधी रंगाचं, मेणचट कापड त्याच्याकडं असतं. त्यातून पाणी जात नाही आणि उजेड येतो. मी हट्टानं यांनाही बरोबर नेलं. घरात बसून पातेल्यावर नजर लावण्यापेक्षा बरं.

तंबूवाल्याकडं लांबीला पुरेल असं कापड होतं, पण रुंदीला कमी. तीन पट्टे एकमेकांना जोडावे लागणार होते. कापड गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "जोड चिकटवून घ्या हं."

आणि इतके दिवस गप्प असलेले हे एकदम म्हणाले, "चिकटवायला आम्ही काय पाकिटं करतो? शिंपी आहोत आम्ही."

आम्ही! आहोत! मी त्या माणसाच्या तोंडाकडं बघतच राहिले. तंबूवाला काहीतरी सांगत होता, भोकं की काय, पण मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या क्षणी कुणी म्हणालं असतं की छप्पर स्वेटरसारखं विणा, तर मी विणलं असतं.

कापड घरी आणून पसरलं. मशीनखाली ते जाईना, इतकं जाड आणि पसरट. हातानंच शिवायचं होतं, गोणपाट शिवतात त्या दाभणानं. दोन जोड होते. मी एक दाभण स्वतःसाठी ओवलं, दुसरं ओवलं आणि यांच्यासमोर धरलं.

"मला जमणार नाही," हे म्हणाले.

"काज करायला सांगत नाहीये. छप्पर आहे."

"वाकडं होईल."

"होऊ दे. छपरावरचा टाका कोण बघणार आहे? कावळे?"

यांनी दाभण घेतलं. पण माझ्याकडं पाठ करून बसले. मग मीही पाठ केली. आम्ही त्या दुधी कापडावर दोन टोकांना बसलो आणि शिवायला लागलो, मी एक जोड, हे दुसरा. दोघांनीही सवयीप्रमाणं कापडाच्या कडा आत मुडपल्या, टाके घडीत लपवले. इतक्या वर्षांचा हात. टाका दिसता कामा नये, हे आमच्या रक्तातच. छपराला कसली आली उलटी-सुलटी बाजू, पण ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी माझ्या वेगानं निघाले. मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण मागून दाभण कापडातून ओढल्याचा करकर आवाज यायचा, मग थांबायचा. इतका वेळ थांबायचा की माझा जीव टांगणीला लागायचा. मग पुन्हा करकर. एकदा हे "स्स" असं म्हणाले, बोटात गेलं असणार. मी तोंडातल्या तोंडात गाणं गुणगुणत राहिले, जसं काही मला कशाचं काही नाही.

माझा जोड आधी झाला. चहा केला, यांच्या बाजूला ठेवला, तो गार झाला. दुसरा केला. तोही गार झाला. ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं तेव्हा यांनी दोरा दातानं तोडला आणि लगेच कापडाची घडी घातली. मला बघूही दिलं नाही.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"छपरासारखा," हे म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशीही उघडीप होती. शिडी लावली. घड्याळवाले भाऊजी शिडी धरायला आले आणि लगेच सल्ले द्यायला लागले.

"वहिनी, मी चढू का?"

"तुम्ही चढलात तर शिडी कोण धरेल? आणि तुम्हाला कोण धरेल?"

चढले मीच. पत्र्यावर पाय कुठं ठेवायचा ते हे खालून सांगत होते. खिळ्यांच्या रेषेवर ठेव, तिथं खाली लाकूड असतं. मी चवड्यावर, पाय भाजलेल्या मांजरीसारखी चालत गेले. जुने बोल्ट गंजून बसले होते, ते पान्यानं पिळून काढले. प्लास्टिकचा पत्रा उचलायला हात लावला तर तो उचललाच गेला नाही. माझ्या बोटांत त्याचा भुगा झाला. इतकी वर्षं ज्याच्याखाली आम्ही निवांत बसलो होतो ते नुसतं राहिलं होतं म्हणून राहिलं होतं. मी तुकडे वेचून बाजूला केले आणि सहज खाली वाकून बघितलं.

मी आमची खोली वरून कधीच पाहिली नव्हती. कोण पाहतं? पण त्या उघड्या पट्ट्यातून ऊन सरळ आत कोसळत होतं आणि खाली सगळं लख्ख दिसत होतं, यांची मशीन, तिच्या चाकाची चकाकी, कापायचं टेबल, त्यावर खडूच्या जुन्या रेघा एकावर एक, जमिनीवर सांडलेल्या टाचण्या. वर्षानुवर्षं पाय घासून मशीनच्या पायट्यापुढची फरशी खोलगट झाली होती, तेही दिसलं. खाली बसून ते कधी कळलं नव्हतं. आणि त्या सगळ्याच्या मधे हे, मान वर करून माझ्याकडं बघत उभे, उन्हात डोळे बारीक केलेले. किती लहान दिसत होते! एवढ्याशा त्या जागेत आमचं सगळं आयुष्य बसलं होतं आणि ते वरून बघताना कमी वाटत नव्हतं, उलट भरगच्च वाटत होतं.

"काय झालं?" यांनी खालून विचारलं. "चक्कर आली का?"

"काही नाही. आपलं दुकान बघतेय."

"वरून?"

"हो. छान आहे हो आपलं दुकान."

मग कापड वर ओढलं. वरच्या पत्र्यांच्या कडेखाली एक बाजू सारली, खालच्या पत्र्यांच्या वर दुसरी बाजू घेतली, म्हणजे पाणी वरून येऊन खाली निघून जाईल. चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकल्या. भाऊजी खालून म्हणाले, पट्टी तिरकी आहे. मी म्हणाले, तुमची मान तिरकी आहे. काम संपवून खाली उतरले आणि आत गेले तर मी दारातच थांबले.

खोली पांढरी झाली होती. दुधासारखा मऊ, सावली न पाडणारा उजेड सगळ्या कोपऱ्यांत सारखा भरला होता. टेबलाखालीसुद्धा. हे मधोमध उभे राहून स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून बघत होते. मला पाहून त्यांनी हात पाठीमागं घेतला.

"बाबा असते तर खूश झाले असते," एवढंच म्हणाले.

शिवणवाल्या बाई त्यानंतर दोनेक दिवसांनी दुपारी आल्या. मोठ्या गप्पिष्ट बाई, पण त्या दिवशी दारात घुटमळल्या. बाहेर हातगाडी उभी होती, गाडीवाला तंबाखू मळत होता. भाऊजीही आले, मशीन उचलायला चार हात हवेत म्हणून. मी मशीनवरचं झाकण काढलं, पुसलं, पुन्हा पुसलं. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे खुर्चीत बसून होते, भिंतीकडं बघत.

"मास्तर, बघा हं, अजून विचार करा," बाई म्हणाल्या.

"विचार झालाय. न्या."

आणि पाऊस आला. नुसता आला नाही, कोसळलाच. गाडीवाला पळत येऊन पडवीत उभा राहिला. आम्ही सगळे जिथल्या तिथं थांबलो. पत्र्यांवर तो ताशासारखा वाजत होता आणि मधल्या कापडावर मात्र हलका, कुजबुजल्यासारखा. मी वर बघत राहिले. कोरडं. एक थेंब नाही. मला इतका अभिमान वाटला की मी कमरेवर हात ठेवून बाईंना म्हणाले, "बघा! घरच्या घरी केलंय. आम्ही दोघांनी."

आणि टपकन माझ्या मानेवर थेंब पडला.

मी वर बघितलं. माझ्या जोडाच्या रेषेवर, भिंतीजवळ, एक थेंब लोंबत होता. शेजारी दुसरा धरत होता. मग तिसरा. मुडपलेल्या घडीनं वरून येणारं पाणी अडवलं होतं, आणि अडलेलं पाणी आम्ही दाभणानं पाडलेल्या एकेका भोकातून आत येत होतं. तंबूवाला भोकं-भोकं करत होता ते हे! चिकटवायला सांगत होता ते यासाठी! दोन शिंपी, सगळी हयात शिवणात गेलेली, आणि आम्ही छपराला भोकं पाडून ठेवली होती, ती पण ओळीनं, मन लावून.

मी कपाळावर हात मारून घेणार तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, ते बघा. पलीकडं."

पलीकडं यांचा जोड होता.

तिथंही थेंब धरायला लागले होते. आतल्या भिंतीपासून सुरुवात झाली आणि एकेक करत ती ओळ रस्त्याकडच्या खिडकीपर्यंत उमटत गेली, आपली पाळी आल्यावर एकेकानं पुढं यावं तशी. प्रत्येक टाक्याला एक थेंब. दुधी उजेड प्रत्येकाच्या पोटात साठलेला. घडीत लपवलेला एकूण एक टाका आमच्या डोक्यावर चकाकत होता.

राग कुठं गेला ते कळलं नाही.

कारण ती ओळ वाचता येत होती. आतल्या भिंतीजवळ थेंब नुसते विस्कटलेले होते, एक वर, एक खाली, दोन एकमेकांवर चढलेले, मग हातभर काहीच नाही. मग पुन्हा धडपडत दोन-चार. पुढं ते वाकडेच होते, पण वाकडेपणा कमी व्हायला लागला होता. मशीनच्या वर येईपर्यंत ओळीत फक्त एक लाट उरली होती, तीही हळूहळू बसत गेलेली. आणि तिथून खिडकीपर्यंत, देवा, तिथून खिडकीपर्यंत एक सरळ रेघ होती. थेंबामागं थेंब, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीवर. पट्टी लावून आखावी तशी. तो टाका मला अंधारातसुद्धा ओळखता आला असता. मी त्या टाक्याशी संसार केला होता.

थेंब भरले आणि जवळजवळ एकदमच सुटले, खाली पडले, आणि परत त्याच जागांवर धरायला लागले.

बाईंचं तोंड उघडं राहिलं होतं. त्याही शिवतात, त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हे खुर्चीतून उठले. आतल्या भिंतीपाशी गेले आणि मान वर करून त्या ओळीखालून सावकाश चालायला लागले. चेहऱ्यावर पाणी पडत होतं, ते पुसतही नव्हते.

"इथं बोटात गेलं," हे म्हणाले. स्वतःशीच बोलल्यासारखं.

मी पाठोपाठ गेले.

"इथं ठरवलं होतं, बास झालं, उठायचं."

"मग उठला का नाहीत?"

"तू उठली नव्हतीस. तुझ्या आधी कसा उठू?"

मशीनपाशी येऊन ते थांबले. "इथं..." म्हणाले आणि पुढचं त्यांना सांगता येईना. "इथं काय झालं मला माहीत नाही गं. मी हाताकडं बघायचं सोडून दिलं होतं. छपराला कोण बघतंय, असं म्हटलं."

मग त्यांनी उजवा हात उचलला, आजारपणापासून खांद्याच्या वर जात नव्हता तो हात, आणि एक बोट वर करून थेंबांच्या खालून हवेतच टाका टाका मोजत खिडकीपर्यंत गेले. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी पाहिल्या, लेकीचा जन्म पाहिला, पण त्या बोटाकडं बघताना जसा श्वास अडकला तसा क्वचितच अडकला असेल. हात थरथरत होता. टाका थरथरलेला नव्हता.

"अहो," मी म्हणाले, "बसलाय टाका."

"बसलाय," हे म्हणाले.

मग त्यांनी वळून माझ्या जोडाकडं बघितलं आणि त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी आली, गिऱ्हाईकासमोर माझ्या शिवणीला नावं ठेवताना यायची ती. कित्येक महिन्यांत मी ती पाहिली नव्हती.

"आणि हे काय आहे?" यांनी बोट रोखलं. "सुरुवात बरी केलीस. मग हे काय? इथं तर टाका लांडा, इथं लांबलचक, इथं तर सोडूनच दिलंय. परत इथं तेच. कुणाचं लक्ष कुठं होतं?"

मी वर बघितलं. खरंच होतं. माझ्या भल्या सरळ ओळीत ठिकठिकाणी थेंब रस्ता चुकल्यासारखे इकडंतिकडं गेले होते.

"तिथं मी मागं वळून तुमच्याकडं बघत होते," मी म्हणाले.

भाऊजींनी घसा खाकरला आणि उगीचच घड्याळात बघितलं.

बाईंनी स्वतःच्या रुमालानं मशीनवर पडलेलं पाणी टिपलं, चाकावरचं, सुईजवळचं, अगदी निगुतीनं. मग त्या यांच्याकडं बघायला लागल्या. त्या विचारणार नव्हत्या. हे सांगेपर्यंत तिथंच उभ्या राहणार होत्या.

"बाई," हे म्हणाले, "तुम्हाला उगीच फेरी पडली."

"पडू दे," बाई म्हणाल्या.

"मशीन मला लागेल."

लागेल, म्हणाले. "लागायची" असं नाही. मी आत गेले, सगळी भांडी-बादल्या बाहेर आणून त्या दोन ओळींखाली मांडायला लागले, कारण काहीतरी करायला हवंच होतं. बाईंनी मला मदत केली. गाडीवाल्याला आणि सगळ्यांना चहा दिला. पाऊस थांबेपर्यंत आम्ही भांड्यांच्या मधे बसून त्या रेघेकडं बघत चहा प्यायलो, आणि गाडीवाल्यानंसुद्धा वर बघून विचारलं, "हे मुद्दाम केलंय का?"

पुढच्या उघडिपीला तंबूवाल्याकडून चिकटवायचं द्रावण आणि पट्ट्या आणल्या. तो मिशीत हसला. हसू दे. मी पुन्हा वर चढले, दोन्ही जोड पुसून कोरडे केले आणि वरून पट्ट्या चिकटवल्या. माझ्या जोडावर पट्टी भराभर लावली. यांच्या जोडावर लावताना हात जड झाला. पण गळकं छप्पर काही कौतुकानं ठेवता येत नाही. खिडकीकडून सुरुवात केली आणि तळव्यानं दाबत दाबत आतल्या भिंतीपर्यंत गेले, त्या विस्कटलेल्या टाक्यांपर्यंत. ते सगळ्यात घट्ट दाबले.

त्यानंतर पाऊस पुष्कळ झाला. एक थेंब आत आला नाही.

एका सकाळी मी गिऱ्हाईकाच्या मुलीच्या फ्रॉकची बाही लावत होते. हे खणापाशी गेले, सुयांची डबी काढली, आणि म्हणाले, "भाऊजींचा कोट काढ गं."

मी कोट काढून दिला. हे उजेडाखाली बसले, खडूनं खूण केली, चीर दिली, रेशमी दोरा ओवला. तीन वेळा चुकून चौथ्यांदा ओवला गेला. समोर घड्याळवाल्यांच्या दुकानात भाऊजी डोळ्याला भिंग लावून बसले होते, पण भिंग आमच्याच दिशेला होतं.

"बघू नकोस माझ्याकडं," हे मान खाली घालूनच म्हणाले.

"मी कशाला बघतेय? मला काय कामं नाहीत?"

मी मशीन चालवायला घेतली. बाही इतकी वाकडी लागली की सगळी उसवून परत लावावी लागली.